भरीव चाक

आम्ही मैदानावर पोचलो तेव्हा नाशिकची मीनल पाठारे आपल्या सायकलीचं मागचं चाक काढत बसली होती. नुकतं उजाडत होतं. स्पर्धकांनी सायकली लावायचं ते मैदान समुद्राला लागूनच होतं, आणि वारा असा सुटला होता की मांडवाचं कापड धरून ठेवायला चार माणसं लागत होती. लांब समुद्रात कुठंतरी वादळ अडकलंय, किनाऱ्याला काही धोका नाही, असं आदल्या संध्याकाळपासून जो तो सांगत होता. सांगणाऱ्यांपैकी कुणालाच त्या वाऱ्यात सायकल चालवायची नव्हती.

मीनलनं काढलेलं चाक म्हणजे डिस्क व्हील. साध्या चाकाला तारा असतात, याला त्या नसतात. कडेपासून मधल्या आसापर्यंत सगळं एकसंध, भरीव. चाक फिरताना तारा हवा घुसळतात आणि थोडा वेग खातात. भरीव चाक तो खात नाही. शर्यत ट्रायथलॉनची होती, म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. सायकलीवर वाचलेला तो थोडासा दम शेवटी पळताना कामाला येतो. पण वारा आडवा आला, तर तेच चाक दाराच्या फळीसारखं सगळा वारा अंगावर घेतं. ही विद्या मला फुकटात मिळाली होती, कारण तसलंच चाक माझ्या थोरल्या बहिणीच्या, आमच्या आक्काच्या सायकलीलाही होतं.

"वैजू, तूही काढून टाक," मीनल आक्काला म्हणाली. "माझं वजन तुझ्याहून जास्त आहे, तरी मी धोका घेत नाहीये. खाडीच्या पुलावर वारा सरळ आडवा येतोय. काल संध्याकाळी मी बघून आले."

खरं तर तिला काय पडलं होतं? गेली दोन वर्षं ती या शर्यतीत तिसरी येत होती आणि आमची आक्का चौथी. आक्का पुलावर मागं पडली असती तर हिचंच भलं होतं. तरी तिनं सांगितलं. पोरगी भल्या मनाची होती, हे आजही मान्य करते.

पहिल्या तिघींत येणं म्हणजे काय, ते आमच्या घरात मांजरालासुद्धा ठाऊक होतं. राज्याच्या त्या शर्यतीत पदक मिळालं की आक्काला पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता. चौथीला प्रमाणपत्र मिळायचं आणि वर एक केळं. पुढच्या वर्षी तिचं वय भरतीच्या मर्यादेबाहेर जाणार होतं. म्हणजे ही शेवटची खेप. गावात टवाळ पोरं तिला 'चौथी नापास' म्हणायची, आणि ती हसून सोडून द्यायची. रात्री अंथरुणात मात्र माझ्याकडं पाठ करून झोपायची, तेव्हा समजायचं की सोडून दिलेलं सगळं तिच्याजवळच राहिलंय.

आता ते भरीव चाक आमच्याकडं कसं आलं, ते सांगायला हवं. आमचं गोठणवाडी कोल्हापूरकडचं, पंचगंगेच्या काठचं. आक्का नदीत पोहायला शिकली, दुधाच्या किटल्या पोचवता पोचवता सायकल शिकली, आणि पळायला तिला कुणी शिकवलंच नाही. आमचे वडील, आण्णा, गावच्या दूध संस्थेत सचिव. संस्थेचे चेअरमन यशवंतराव इंगळे. त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे, बायकोसुद्धा चेअरमनच म्हणायची. माणूस मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा आणि मोठ्या फ्लेक्सचा. आक्का दुसऱ्यांदा चौथी आली तेव्हा त्यांनी कुणाकडून तरी माहिती काढली की पहिल्या तिघींच्या सायकलींना भरीव चाक होतं आणि हिच्या सायकलीला नव्हतं. झालं. पुण्याहून चाक आलं.

ते नुसतं हातात दिलं असतं तरी चाललं असतं. पण आमच्याकडं काम व्हायच्या आधी सत्कार होतो. पुढं काम झालं नाही तर निदान सत्कार तरी पदरात पडतो. संस्थेसमोर मांडव घातला, आक्काला शाल, श्रीफळ आणि चाक दिलं. चाकाच्या एका बाजूला 'गोठणवाडी' अशी ठसठशीत अक्षरं, आणि दुसऱ्या बाजूला हात जोडलेले चेअरमन. एवढी सपाट जागा मोकळी सोडणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. आक्का पहिल्यांदा ते चाक लावून गावातून गेली, तेव्हा चेअरमन नमस्कार करत गरागरा कोलांट्या घेत निघाले, आणि चावडीवर बसलेली म्हातारी माणसं हसून हसून खोकली. आईनं चाक बघून एवढंच म्हटलं, "ही तर भाकरीची परात हाय." सगळा गाव त्याला परातच म्हणायला लागला.

सरळ रस्त्यावर परात खरंच पळायची. आक्का खूश होती, नाही असं नाही. कधी वारा बाजूनं लागला की मात्र सायकल तिच्या हाताखालून सरकल्यासारखी व्हायची. एकदा उसाच्या दोन फडांमधल्या मोकळ्या पट्ट्यात ती जवळजवळ बांधावर गेली होती. घरी येऊन म्हणाली, सवय होईल. आईनं ते कानाआड केलं नाही. आम्ही कोकणात निघालो त्या सकाळी तिनं जुनं तारांचं चाक पोत्यात गुंडाळून संस्थेच्या टेम्पोत टाकलं. "असू द्या," म्हणाली, "खायाला मागत न्हाई काही."

तर ते पोतं टेम्पोत होतं, टेम्पो मैदानाच्या दारात होता आणि टेम्पोची किल्ली माझ्या कमरेला होती, कारण चालवत मीच आले होते. आक्का मीनलच्या सायकलीकडं बघत राहिली, मग तिनं वाऱ्याकडं तोंड करून डोळे बारीक केले. माझ्याकडं न बघता म्हणाली, "सरू, जुनं चाक आण जा." आणि मी वळले तेवढ्यात तिनं आण्णांना विचारलं. विचारायची काही गरज नव्हती. पण आमच्या घरात आण्णांना विचारल्याशिवाय कुणी काही करत नसे, आणि आण्णा गावाला विचारल्याशिवाय काही करत नसत.

"आण्णा, चाक बदलते. वारा लई हाय."

आण्णांचा स्वभाव भिडस्त. लग्नाच्या पंगतीत टोकाला बसायचे. वाढपी तिथवर पोचेपर्यंत जिलेबी संपलेली असायची, आणि कुणी चुकून विचारलंच तर म्हणायचे, गोड सोसत नाही मला. गावच्या कुठल्याही फोटोत ते कडेला आणि अर्धेच. कुणी पुढं या म्हटलं की आणखी एक पाऊल मागं. आई चिडून म्हणायची, भीड भिकेची बहीण, आणि या दोघी बहिणी आमच्याच घरी मुक्कामाला आल्यात. आण्णा त्यावरही हसायचे.

त्या सकाळी ते हसले नाहीत. खिशातला फोन काढून त्यांनी हातात धरला. चेअरमन पहाटेच निघाले होते. एक एसटी ठरवून आणि दोन टेम्पो भरून गोठणवाडी निघाली होती, बाया, म्हातारे, हलगीवाले, सगळे. वाटेतून दोन वेळा फोन आला होता की परात चकाचक पुसून ठेवा, फोटोवाला संगं आणलाय.

"सगळा गाव निघालाय पोरी," आण्णा म्हणाले. "परात बघायला येतायत. आन् सायकलीला परातच न्हाई... त्यांना काय वाटंल?"

"गेले खड्ड्यात," मी म्हणाले. "सायकल कोण चालवणार हाय? चेअरमन?"

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. विनवल्यासारखं बघितलं त्यांनी. ते पुढं हळूच म्हणाले की एवढ्या जणींनी तसलीच चाकं ठेवलीत, आणि अधिकाऱ्यांनी काही बंदी घातलेली नाही. ते खरं होतं. अधिकारी भोंग्यावरून सांगून गेले होते की डिस्क व्हील लावायचं की काढायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. आमच्या बाबतीत ज्याचं त्यानं म्हणजे गावानं.

आक्कानं एकदा आण्णांकडं बघितलं, एकदा चाकावरच्या चेअरमनकडं. मग खाली बसली आणि त्या चाकात हवा भरायला लागली. मी टेम्पोकडं गेलेच नाही.

पोहण्यात ती पहिल्या काहीजणींत बाहेर आली. लाटांनी तिच्या तोंडावर खारं पाणी मारून मारून डोळे लाल झाले होते. ओल्या अंगानं पळत येऊन सायकल उचलली आणि गेली. आण्णा आणि मी खाडीच्या पुलाकडं निघालो. पूल मैदानापासून जवळच होता. स्पर्धक आधी किनाऱ्याच्या रस्त्यानं एक फेरी मारून मग जाताना एका कडेनं पुलावरून जाणार, पुढं टेकडीला वळसा घालून येताना दुसऱ्या कडेनं परत येणार. येतानाची कड समुद्राकडची होती. लोकांना उभं राहायला पायवाटही त्याच बाजूला होती.

आम्ही पुलाच्या तोंडाशी पोचलो तेव्हा आक्का जाताना दिसली. पूल रिकामा होता. गोठणवाडी अजून वाटेत कुठंतरी चहाला थांबली होती. वाऱ्यानं माझी ओढणी गळ्यात आवळून मागं खेचली जात होती. आक्का पुलावर चढली आणि मला धडकी भरली. सायकल तिरकी, ती वाऱ्याच्या अंगाला कललेली, दोन्ही हात हँडलच्या मुठींवर घट्ट, बैल आवरावा तशी ती सायकल आवरत होती. वेग अगदी कमी होता. मागून येणारी एक बाई तिला ओलांडून गेली. पण आक्का तिला बघतसुद्धा नव्हती, तिचं सगळं लक्ष वाऱ्यात होतं. एक झोत आला, सायकल हातभर सरकली, तिनं सावरली. दुसरा आला, तोही सावरला. आणि ती पूल पार करून गेली.

"बघितलंस?" आण्णा म्हणाले. "जमतंय तिला." त्यांचे ओठ पांढरे पडले होते, तरी चेहऱ्यावर सुटका होती. मलाही तसंच वाटलं. अवघड होतं ते होऊन गेलं, आता नुसतं परत यायचं होतं.

मग गोठणवाडी आली. एसटीतून माणसं उतरली ती हलगीसकट उतरली. चेअरमन फेटा बांधून आले होते, आणि त्या वाऱ्यात फेटा एका हातानं धरून दुसऱ्या हातानं हुकूम सोडत होते. सगळ्यांनी पूल ओलांडून टेकडीकडच्या टोकापासून पायवाटेवर रांग धरायची. पोरगी समोरून येईल ती आपल्या अगदी अंगावरून जाईल. मोठा लांबलचक फ्लेक्स आणला होता, 'गोठणवाडीची वाघीण', एका बाजूला आक्का आणि दुसऱ्या बाजूला अर्थातच चेअरमन. पण फ्लेक्स उलगडला तसा तो शिडासारखा फुगला आणि दोन पोरांना ओढत निघाला. मग चेअरमननी सगळ्यांना खांद्याला खांदा लावून उभं केलं आणि ज्याच्या त्याच्या हातात फ्लेक्सची कड दिली. फ्लेक्स संपला तिथून पुढंही माणसं तशीच चिकटून उभी राहिली, वारा लागू नये म्हणून एकमेकांच्या आडोशानं. बायांनी डोक्यावरून पदर घेतले होते. पुलाच्या अर्ध्यापर्यंत ती रांग गेली. आमचा गाव इतका एकजुटीनं उभा राहिलेला मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

चेअरमन आण्णांना म्हणाले, सचिव, तुम्ही इथं माझ्याशेजारी या, फोटोत या. आण्णा नको नको करत मागं सरत गेले. रांगेच्या पार त्या टोकाला, पुलाच्या मध्यावर, जिथं कुणी नव्हतं तिथं जाऊन थांबले. मी कपाळाला हात लावला आणि त्यांच्या मागोमाग जाऊन उभी राहिले, ते एकटे नकोत म्हणून. मी रांगेत त्यांच्या अलीकडं. माझ्यानंतर आण्णा, आणि आण्णांनंतर मोकळा कठडा.

पहिली आली, गेली. ती मीनल होती. साध्या चाकावर, सावध, वाऱ्याला कललेली. गोठणवाडीनं तिच्यासाठीही टाळ्या वाजवल्या. दुसरी आली, गेली. मग हलगी एकदम वाढली. चेअरमनच्या टोकाकडून, म्हणजे टेकडीच्या बाजूनं, आरडाओरडा सुरू झाला, आणि मला आक्का दिसली.

ती तिसरी होती.

मी वेडी झाले. आण्णांचा हात धरून उड्या मारायला लागले. आक्का पुलावर शिरली, रांगेच्या कडेनं, माणसांच्या इतकी जवळून की हात लांब केला असता तर लागला असता. चाकातून घुमल्यासारखा आवाज येत होता. लोक तिचं नाव घेत होते. आणि मी बघितलं की ती वाकली. हँडलवर पुढं बसवलेले दोन दांडे असतात, त्यांवर कोपरं टेकून अंग आडवं केलं की वेग वाढतो. ती तशी वाकली, आणि सायकल बाणासारखी सुटली. जाताना सायकल आवरणारी ती हीच, असं वाटेना. तिचा चेहरा मला सरळ दिसला. तिला हसू येत होतं. शर्यतीत ती कधी हसत नसे. आमच्यासमोरून गेली तेव्हा आण्णांनी हात जोडले होते, का ते त्यांनाच ठाऊक.

आणि आमच्यापुढं गेल्याबरोबर सायकल आडवी झाली. कुणी ढकलावी तशी. आक्का आणि सायकल रस्ता ओलांडून पलीकडच्या कठड्यावर जाऊन आदळली. हलगी लगेच थांबली नाही. मागच्यांना दिसलंच नव्हतं. ते काही वेळ वाजवतच होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी उजव्या खांद्याचे फोटो काढले आणि बराच वेळ ते उजेडात धरून बघितले. हाड एकाच जागी मोडलेलं नव्हतं. आक्का शुद्धीवर होती, रडत नव्हती. डॉक्टर तिला बोलतं ठेवायला बघत होते. पुलावर चढतानाच तोल गेला होता का, चक्कर आली होती का, असं काहीबाही विचारत होते. आण्णा पडद्याशी उभे होते, पायातल्या चपला बाहेर काढून ठेवलेल्या. दवाखान्यात कुणी सांगितलं नव्हतं, तरी काढलेल्या.

आक्का म्हणाली, "न्हाई. आण्णांपर्यंत मी नीट होते."

आण्णांनी टॉवेल तोंडावर घेतला आणि ते बाहेर गेले. व्हरांड्यात त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, बरं झालं, काहीतरी गोड ऐकायला मिळालं त्यांना.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात थोडकंच आहे. खांदा जुळला, पण हात खांद्याच्या वर जाईना. पुढच्या भरतीच्या वेळी तिचं वय निघून गेलेलं होतं. नसतं गेलं तरी त्या हातानं भरतीतला गोळा कोण फेकणार होतं? तिसरा नंबर मागून येणाऱ्या कुणा सोलापूरच्या मुलीचा आला. चेअरमननी दवाखान्याचं सगळं बघितलं, एक शब्द कधी बोलून दाखवला नाही, म्हणून भीड आणखी वाढली. नजर लागली, असं गावानं ठरवलं. परातीला ओरखडासुद्धा गेला नव्हता. ती संस्थेच्या कचेरीत भिंतीवर टांगली, हात जोडलेली बाजू पुढं करून. आण्णा निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागेवर आक्काला घेतलं. गेली कित्येक वर्षं ती त्या परातीखाली बसून दुधाची फॅट बघते. लग्नाचं दोनदा जमता जमता राहिलं. मग तिनंच नको म्हटलं.

आण्णांपाशी मात्र ते वाक्य राहिलं. आधी ते नुसतं आईला सांगायचे. मग शेजारी, मग पाव्हण्यांत. जन्मात कधी चार माणसांत तोंड न उघडलेला माणूस, पण हे सांगायला लागला की धीट व्हायचा. "हाडं मोडलेली, तरी पोरगी काय म्हणाली? आण्णांपर्यंत मी नीट होते. मी दिसत होतो तवर तिला धीर होता." ऐकणाऱ्या बाया डोळ्याला पदर लावायच्या. आक्का तिथं असली तर उठून आत जायची. आम्ही समजायचो, जुनी जखम आहे, दुखतं.

गेल्या वर्षी चेअरमनचा अमृतमहोत्सव झाला. संस्थेसमोर तसाच मांडव, तसाच फ्लेक्स. सगळ्यांची भाषणं झाल्यावर कुणीतरी आण्णांना पुढं ढकललं. मला वाटलं, मागं सरतील. पण ते माईकपाशी गेले. त्यांनी पुलाची गोष्ट सांगितली, गाव कसा खांद्याला खांदा लावून उभा राहिला ते सांगितलं, आणि शेवटी ते वाक्य सांगितलं. चेअरमन उठून त्यांच्या गळ्यात पडले. मांडवात इतक्या टाळ्या झाल्या की खांबावरची पाखरं उडाली. आण्णा पहिल्यांदाच फोटोत मधोमध आले.

ऊन उतरलं तेव्हा आम्ही घरी निघालो. आण्णा पुढं चालले होते, बगलेत शाल आणि हातात नारळ. वाटेत भेटेल तो त्यांचा हात हातात घेत होता. आक्का आणि मी मागं होतो. मला भरून आलं होतं, म्हणून मी विचारलं.

"आक्का, काय सुचलं गं तुला तेव्हा? एवढी पडलेलीस, आन् आण्णांसाठी असं म्हणालीस."

"आण्णांसाठी न्हाई," ती म्हणाली. "डॉक्टर विचारत होते न्हवं, तोल कुठं गेला? ते सांगत होते."

मला काही कळलं नाही. ती थोडं चालली आणि मग, आण्णांच्या पाठीवरची नजर न काढता, हळू आवाजात बोलायला लागली.

"जाताना पूल पार केला की मी. तू बघितलंस. वारा कुठनं येतोय ते ठावं होतं, अंग तिकडं टाकून गेले. येताना तुम्ही सगळी हुता. तुमच्या आडोशाला वाराच न्हवता सरू. मला वाटलं, पडला वारा. म्हणून वाकले. आण्णांपर्यंत नीट होते. आण्णांच्या पुढं कोण न्हवतं."

मी रस्त्यातच उभी राहिले. खांद्याला खांदा लावून उभी असलेली ती रांग माझ्या डोळ्यांपुढं आली, फ्लेक्स, पदर घेतलेल्या बाया, मी, आण्णा, आणि पुढं मोकळा कठडा. आण्णा टोकाला जाऊन उभे राहिले होते, कारण ते सगळीकडं टोकालाच उभे राहायचे. राग कुणाचा करावा, तेही समजेना, आणि कुणाचाच करता येत नाही, याचंच रडू यायला लागलं.

पुढं आण्णा पारापाशी थांबले होते. कुणा नव्या सुनेला ते तीच गोष्ट सांगत होते. त्यांचा हात पुलाची लांबी दाखवत हवेत फिरत होता.

"मग एवढी वर्षं सांगितलं का न्हाईस त्यांना?" मी विचारलं.

आक्कानं डाव्या हातानं उजव्या खांद्यावरचा पदर सारखा केला.

"सांगून काय करू?" ती म्हणाली. "त्यांना काय वाटंल?"